भोसरीतल्या शेडमध्ये एमआरपी चालू करताना

गेलं वर्षभर आमच्या कंपनीत प्लॅनिंग एक्सेलमधून उचलून ईआरपीत (खरेदी, स्टॉक, प्लॅनिंग एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर; त्यातला काय कधी लागेल ते काढणारा भाग म्हणजे एमआरपी, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) टाकायचं काम चाललं होतं, ते आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. सुरू करताना मी खूप शोधलं होतं की आमच्याएवढ्या कंपनीत हे कोणी केलंय का, त्रास काय होतो, पैसे किती जातात. जे सापडलं ते सगळं मोठ्या कंपन्यांचं, जिथे प्लॅनिंगलाच दहा माणसं असतात. आमच्याकडे पीपीसी (प्रॉडक्शनचं प्लॅनिंग आणि कंट्रोल) म्हणजे मी आणि एक ट्रेनी मुलगा. म्हणून जसं झालं तसं लिहितेय.

आम्ही भोसरी एमआयडीसीत, साठेक माणसं, दुचाकीचे फूटरेस्ट, साइड स्टँडच्या पिना, बुश, ब्रॅकेट असलं बनवतो आणि चाकणला दोन कस्टमरना देतो. सीएनसी, ड्रिलिंग, असेंब्ली घरात, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पावडर कोटिंग बाहेर. कस्टमरचं शेड्यूल दर महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास येतं, पुढचा महिना फर्म, त्यापुढचे दोन टेंटेटिव्ह, आणि फर्मसुद्धा किती फर्म हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये. माझं एक्सेल होतं, त्यात बावीस शीट, आणि ते मी सुट्टीवर गेले की कोणालाच उघडायला जमायचं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका कस्टमरचं ऑडिट झालं. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) मध्ये ८.५.१.७ हा प्रॉडक्शन शेड्यूलिंगचा क्लॉज आहे, त्यावर ऑडिटरनी विचारलं की ऑर्डरपासून मशीनपर्यंत माहिती कशी जाते दाखवा. मी एक्सेल दाखवलं, सेटरच्या (मशीन सेट करणाऱ्याच्या) खिशातली चिठ्ठी दाखवली, मशीनवर खडूने लिहिलेला आकडा दाखवला. मायनर एनसी (किरकोळ त्रुटीची नोंद) आली. आमच्या साहेबांना दोन वर्षं सांगत होते ते त्या एका एनसीनी झालं, दिवाळीच्या आधी सॉफ्टवेअर ठरलं. पाच यूजरचं लायसन्स, इम्प्लिमेंटेशन, ट्रेनिंग, वर जीएसटी असं धरून साडेसहा लाखांच्या घरात गेलं. पण तेवढ्यावर भागत नाही हे आधीच सांगते. मोजणीचा काटा, लेबल प्रिंटर, प्लॅस्टिकचे बिन, रॅकला नंबर, आणि लोकांचा ओव्हरटाइम, हे सगळं लाखाच्या वर गेलं आणि ते कोटेशनमध्ये कुठेच नसतं.

एमआरपी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कस्टमरला अमुक तारखेला ६०० फूटरेस्ट पाहिजेत, एका फूटरेस्टला काय काय लागतं ती यादी म्हणजे बीओएम, त्यातून हातात आहे ते वजा करायचं, वाटेत आहे ते वजा करायचं, उरलेलं कधी मागवायचं किंवा कधी मशीनवर लावायचं ते लीड टाइमएवढं (मागवल्यापासून हातात येईपर्यंत लागणारे दिवस) मागे सरकून काढायचं. बस एवढंच. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी आणि मंडळींनी अमेरिकेत हे कॉम्प्युटरवर बसवलं, गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचं आहे. अडतं ते या चार आकड्यांपाशी, कारण चारही आकडे कोणाच्या तरी डोक्यात असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे असतात.

नोव्हेंबर, डिसेंबर आयटम कोड आणि बीओएममध्ये गेले. कोडमध्ये मटेरियल, साइज, कस्टमर असलं सगळं कोंबायचा मोह होतो, करू नका, नंतर पार्ट बदलला की कोड खोटा बोलायला लागतो. आम्ही साधे सहा आकडी चालू नंबर दिले आणि डिस्क्रिप्शन नीट लिहिलं.

बीओएमचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण इथे आमचे डोळे उघडले. फूटरेस्टची पिन, ईएन८ पोलाद, २० मिलीचा राउंड बार. पिन ५८ मिली, पार्टिंगचे (कापताना जाणारे) ३, फेसिंगचा (टोक सपाट करताना जाणारा) १, म्हणजे ६२ मिली. २० मिलीचा बार मीटरला २.४७ किलो, त्या हिशोबाने एका पिनेला १५३ ग्रॅम, आणि तेच वर्षानुवर्षं आमच्या कॉस्टिंगमध्ये होतं. मग मी एक दिवस मशीनपाशी उभी राहिले. तीन मीटरचा बार, शेवटचे दीडशेक मिली कॉलेटमध्ये (बार धरणाऱ्या पकडीत) राहतात ते वाया, म्हणजे २८५० मिलीत पिना पडतात ४५. एका बारचं वजन साधारण ७.४ किलो, भागिले ४५, म्हणजे १६५ ग्रॅम. बारा ग्रॅमचा फरक. दिवसाला ६०० पिना, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला दोन टन पोलाद जे आम्ही विकत घेत होतो आणि कागदावर कुठेच वापरत नव्हतो. दर मार्चला स्टॉकमध्ये बार कमी भरायचा आणि सगळ्यांची नजर स्टोअरच्या मामांकडे जायची. मामा एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळतायत. त्यांना हा हिशोब दाखवला तर म्हणाले, "ताई, हे कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवा, मी बोलून उपयोग नाही." ठेवलं.

जानेवारीत रूटिंग (पार्ट कुठल्या कामांतून कुठल्या क्रमाने जातो) आणि लीड टाइम. आता लीड टाइम विचारायला गेलं की प्रत्येकजण आपला जीव वाचवून सांगतो. प्लेटिंगवाले काका म्हणाले सात दिवस. हीट ट्रीटमेंटवाला म्हणाला पाच. आमचाच सीएनसीचा सुपरवायझर म्हणाला, मॅडम चार दिवस धरा. सगळे मिळवले तर पिनेला महिना लागतो असं दिसायला लागलं. म्हणून मी आणि त्या ट्रेनी मुलानी पिवळी कार्डं छापली आणि प्रत्येक ट्रॉलीला एक बांधलं, आत आली ती वेळ, काम चालू, काम संपलं, बाहेर गेली. दीडेक महिना हे चालवलं. लोक सुरुवातीला हसले, मग त्यांनाच त्यात मजा यायला लागली.

कार्डांवरून निघालं की २,००० पिनांची बॅच बार कापण्यापासून असेंब्लीपर्यंत सरासरी वीसेक दिवस घेते. त्यात मशीन, भट्टी, टाकी सगळं धरून खरं काम चार दिवसांच्या आत. बाकी सगळी वाट बघणं. प्लेटिंगच्या टाकीत पिना काही तासच असतात, पण आमच्या गेटपाशी त्या चार दिवस पडून असायच्या, कारण काकांचा टेम्पो भरल्याशिवाय निघत नाही आणि आमच्यासारखे त्यांचे अजून सात-आठ गिऱ्हाईक.

कार्डं न बांधताही हे कळलं असतं, ते नंतर लक्षात आलं. लिटल्स लॉ म्हणून एक साधं समीकरण आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं, आत साचलेला माल भागिले रोजचा खप म्हणजे सरासरी लागणारा वेळ. आमच्या शेडमध्ये आणि बाहेर मिळून १२,००० पिना होत्या, रोज ६०० लागतात, वीस दिवस. तुम्हाला कोणाशी वाद न घालता लीड टाइम काढायचा असेल तर एक दिवस सगळा माल मोजा आणि भागा. कार्डांचा फायदा एवढाच की कुठे साचतो ते दिसतं.

मग काकांकडे जाऊन बसले. त्यांना दर कमी करा म्हटलं असतं तर त्यांनी चहा पाजून घरी पाठवलं असतं. मी म्हटलं, दर आहे तोच ठेवा, फक्त सोमवारी आणि शुक्रवारी टेम्पो येणार म्हणजे येणार, भरो न भरो, त्या फेरीचं अर्धं भाडं आमचं. ते दोन दिवस विचार करून हो म्हणाले. याचा परिणाम सेफ्टी स्टॉकवर कसा होतो बघा, कारण साहेबांना पटवायला मला हेच उपयोगी पडलं. माल परत यायला कधी तीन दिवस कधी नऊ, म्हणजे वरखाली साधारण दोन दिवसांचं, तर पंचाण्णव टक्के वेळा अडायचं नसेल तर १.६५ (त्या पंचाण्णव टक्क्यांसाठीचा संख्याशास्त्रातला गुणक) गुणिले ६०० गुणिले २, जवळपास १,९८० पिना नुसत्या भीतीपोटी ठेवायच्या. तेच वरखाली अर्ध्या दिवसावर आलं तर ४९५. (यात रोजचा खप स्थिर धरलाय, तो हलत असेल तर आकडा वाढतो.) टेम्पोचं अर्धं भाडं यापुढे काहीच नाही.

फेब्रुवारीत मध्येच एक वेगळंच संकट. कुदळवाडीत महापालिकेची मोठी कारवाई झाली, हजारोंनी शेड पाडली गेली, त्यात आमच्या एका प्रेसवाल्याचीही गेली. त्याचा लीड टाइम सिस्टिममध्ये आठ दिवस टाकून मी नुकतेच हात झटकले होते. त्याला जागा मिळून प्रेस परत बसेपर्यंत दुसरीकडून वॉशर घ्यावे लागले, महाग. यावर कुठलाही फॉर्म्युला नाही, फक्त तेव्हापासून ज्या पार्टला एकच व्हेंडर आहे त्याच्यापुढे मी लाल खूण करून ठेवते.

गो-लाइव्ह (सॉफ्टवेअरवर खरं काम सुरू करणं) १ एप्रिल २०२५ ठरलं होतं, म्हणजे मार्चअखेरची मोजणी बिनचूक हवी. तारखा नेमक्या मजेदार आल्या, रविवारी ३० ला पाडवा, सोमवारी ३१ ला ईद. आमची साप्ताहिक सुट्टी भोसरीच्या रिवाजाप्रमाणे गुरुवारी, म्हणून गुरुवारी २७ लाच न हलणारा माल मोजून सील केला आणि चालू माल २९ च्या रात्री आणि ३१ ला. पाडव्याला मात्र सगळ्यांना घरी सोडलं, गुढी उभारायच्या दिवशी माणसाला सर्कलिप मोजायला बसवू नये. मोजताना आवक-जावक पूर्ण बंद ठेवा, गेटवर कुलूप लावा, "फक्त एक डिस्पॅच जाऊ दे" म्हणणारा माणूस हमखास येतो आणि तो बहुतेक वेळा मालकच असतो. बारीक माल काट्यावर मोजायचा असेल तर नमुना मोठा घ्या, दहा नग टाकून काटा शिकवला तर हजारात वीस-पंचवीस नगांचा फरक सहज पडतो, शंभर टाका.

मोजणी एवढी जिवावर घ्यायची कशासाठी हे सगळ्यांना एका हिशोबाने समजावलं. दहा पार्टची असेंब्ली आहे, प्रत्येक पार्टचा स्टॉक बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के, मग दहाच्या दहा बरोबर असण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दर पाचातल्या दोन वेळा लाईनवर काहीतरी कमी पडणार. या क्षेत्रात स्टॉकला ९५ आणि बीओएमला ९८ टक्के ही किमान पातळी मानतात, आमची पहिली तपासणी ७० च्या घरात होती.

मोजणीतून निघालेलं सगळ्यात किचकट प्रकरण म्हणजे जॉबवर्कची (बाहेरून करून घ्यायच्या कामाला पाठवलेल्या मालाची) चलनं. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यायला लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून टॅक्स आणि व्याज. आणि पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर सहा महिन्यांनी आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) भरायचा, ऑक्टोबर ते मार्चचा २५ एप्रिलपर्यंत. आता आमच्याकडे पंधरा चलनांचा माल एका गठ्ठ्यात परत यायचा आणि व्हेंडरच्या बिलावर "तुमच्या मालाचे" एवढंच. कुठल्या चलनाचे किती नग आले हे जुळवताना मी, मामा आणि सीएची मुलगी अशा तिघांनी एप्रिलच्या संध्याकाळी घालवल्या. दोन चलनं वर्षाच्या पलीकडची निघाली, त्यावर टॅक्स आणि व्याज भरून टाकलं. तेव्हापासून नियम एकच, व्हेंडरनी परतीच्या चलनावर आमचा चलन नंबर लिहिला नाही तर माल गेटच्या आत घेतला तरी स्टॉकमध्ये घेत नाही आणि बिलही पुढे सरकत नाही. सुरुवातीला भांडणं झाली. एक जण आठवडाभर बोलत नव्हता.

१ एप्रिलच्या रात्री पहिला एमआरपी रन घेतला. हजाराच्या वर मेसेज. हे लवकर करा, हे उशिरा करा, हे रद्द करा, आणि शेकडो ऑर्डरी ज्या सॉफ्टवेअरच्या मते गेल्या महिन्यातच सोडायला हव्या होत्या. इम्प्लिमेंटेशनवाला मुलगा म्हणाला, पहिल्यांदा असंच येतं. मला रडूच यायचं बाकी होतं. पण शांतपणे बसून बघितलं तर त्या हजाराच्या मागे कारणं सात-आठच होती. कॅलेंडरमध्ये सुट्टी रविवारची होती, आमची गुरुवारची, त्यामुळे निम्म्या तारखा एका दिवसाने चुकत होत्या. काही पार्टना मिनिमम ऑर्डर किलोत, वापर नगात. जुन्या, कधीच न येणाऱ्या पीओ (खरेदी ऑर्डरी) उघड्या होत्या, त्या बंद केल्यावर एकदम तीनेकशे मेसेज गेले. म्हणून मेसेज एकेक करून सोडवू नका, कारणाप्रमाणे गट करा.

एप्रिलमध्ये एक्सेलही समांतर चालू ठेवलं होतं, तेवढं बरोबर. पण मे उजाडला तरी सुपरवायझर माझ्याकडे येऊन हळूच विचारायचा, "मॅडम, ते ठीक आहे, पण आपल्या एक्सेलमध्ये काय म्हणतंय?" १५ मेला साहेबांसमोर एक्सेलची फाइल फक्त वाचण्यापुरती केली.

त्याच महिन्यात पुढच्या दोन आठवड्यांचं शेड्यूल गोठवलं. रोज रन घेतला की रोज तारखा हलतात, सेटर वैतागतो, एका सेटिंगला दीड तास जातो. आता त्या दोन आठवड्यांत काही बदलायचं तर कस्टमरकडून ईमेल पाहिजे आणि माझी आणि साहेबांची दोघांची सही पाहिजे. सही लागते म्हटल्यावर निम्मे बदल आपोआप गळाले.

वॉशर, सर्कलिप, स्प्रिंग मात्र एमआरपीतून काढून कानबानवर (बिन रिकामा झाला की भरून मागवायची पद्धत) टाकले. रोज ४०० वॉशर, भरून यायला तीन दिवस, वीस टक्के जास्तीचे, बिनमध्ये ३००, हिशोब ४.८ येतो, म्हणून पाच बिन. रिकामा बिन लाल रॅकवर, मामा बघतात, फोन करतात. यात कॉम्प्युटर लागतच नाही, आणि दोन रुपयांच्या वस्तूसाठी तो लागूही नये असं माझं मत. ईओक्यूचा (एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं त्याचा) फॉर्म्युलाही हौसेने लावून बघितला, फोर्ड हॅरिसचा, १९१३ पासूनचा. एका स्पेअरच्या कास्टिंगला वर्षाचे १२,००० नग, ऑर्डरचा खर्च ६०० रुपये, नग ८० रुपयाला, सांभाळायचा खर्च १८ टक्के, उत्तर बरोब्बर १,०००. फाउंड्रीवाला म्हणाला पॅटर्न लावायचा तर २,५०० च्या खाली जमणार नाही. मग २,५०० च.

खरी परीक्षा पावसाळ्याच्या शेवटी झाली. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार म्हणून जाहीर झालं आणि गाडी घ्यायला निघालेली माणसं थांबली. कस्टमरनी शेड्यूल खाली आणलं, तेही गणपतीच्या तोंडावर. ३ सप्टेंबरला कौन्सिलची बैठक, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ टक्क्यांवर, लागू २२ सप्टेंबर, घटस्थापनेपासून. की लगेच शेड्यूल वर, आणि दसरा-दिवाळीचं वेगळं. शोरूममधली मागणी थोडी हलली की आमच्यासारख्या शेवटच्या टोकाला तिचा झोका केवढा मोठा होतो ते या दोन महिन्यांत दिसलं. यावेळी फरक हा होता की शेड्यूल पडलं त्याच संध्याकाळी कुठल्या बारच्या ऑर्डरी पुढे ढकलायच्या ते समोर होतं, आणि वाढल्यावर कुठला पार्ट सगळ्यात आधी अडेल तेही. पावडर कोटिंग अडलं. ते अडणार हे दहा दिवस आधी माहीत होतं, तरी अडलंच, कारण आख्ख्या भोसरी-चाकणची त्याच भट्टीपुढे रांग. पण लाईन थांबायच्या आधी कस्टमरला खरी तारीख सांगता आली, आणि दोन डिस्पॅच उशिरा गेले ते सांगून गेले.

आत्ताची परिस्थिती अशी. पिनांचा फिरता साठा १२,००० वरून ७,००० च्या आसपास आलाय. स्टॉक तपासणी आता वर्षातून एकदा नाही, महागाचे आयटम दर महिन्याला, मधले तिमाहीला, बाकीचे वर्षातून एकदा, मामा रोज सकाळी चहाच्या आधी काही मोजून टाकतात आणि आकडा ९३ वर आहे. रिजेक्शनची नोंद अजून नीट होत नाही, तिसऱ्या शिफ्टला तर होतच नाही, त्यामुळे बॅकफ्लशनी (तयार नगांवरून बीओएमप्रमाणे आपोआप) वजा होणारा माल आणि प्रत्यक्षातला माल दर आठवड्याला थोडा सरकतो. मशीनची कपॅसिटी अजून मी एक्सेलमध्येच बघते, सॉफ्टवेअर सगळ्या मशीन कायम मोकळ्या आहेत असं धरूनच चालतं आणि त्याचं वेगळं मॉड्यूल घ्यायला साहेब पुढच्या आर्थिक वर्षात बघू म्हणालेत. एप्रिल ते सप्टेंबरचा आयटीसी-०४ मात्र दिवाळीच्या गडबडीतही २५ ऑक्टोबरच्या आत गेला, सीएच्या मुलीचा एकही फोन आला नाही.

कोणाला पिवळ्या कार्डांचा किंवा चलन जुळवणीचा नमुना हवा असेल तर मागा, पाठवते, फॉन्ट जरा जुना आहे तेवढं चालवून घ्या.